न रडणारी गोजरा

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी, कारण ती एका लहान मुलीची आहे. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण गोष्टीतली चूक एका मोठ्या माणसाची आहे.

त्या राज्यात एक उघडा माळ होता. झाडं म्हणाल तर चार बाभळी आणि वारा म्हणाल तर बारा महिने. गावापासून कोसभर लांब, माळाच्या कडेला एक दगडी घर होतं. त्या घरात सिद्राम नावाचा घोंगड्या विणणारा माणूस राहायचा, आणि त्याच्याबरोबर त्याची मुलगी गोजरा. आणखी कुणी नाही.

गोजराची आई तापानं गेली तेव्हा गोजरा तीन वर्षांची होती. आता ती सहाची होती.

सिद्राम वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पहाटे उठून तो भाकऱ्या थापायचा. सुरुवातीला त्या करपायच्या, मग जमायला लागल्या. मुलीच्या केसांना तेल लावून तो दोन वेण्या घालायचा. त्यातली एक वर जायची, एक खाली यायची. थंडीसाठी त्यानं तिला जावळाची घोंगडी विणून दिली होती. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. तिच्यापेक्षा मऊ लोकर नसते. पोर कधी उपाशी झोपली नाही, कधी थंडीनं कुडकुडली नाही.

एकच गोष्ट सिद्रामला सोसत नसे. तिचं रडणं.

बायको गेल्यावर पहिले काही महिने गोजरा सारखी रडायची. ते रडणं कानावर आलं की सिद्रामच्या छातीत काहीतरी दाटून यायचं. हे बाहेर पडलं तर आपण उभे राहू शकणार नाही, मग पोरीला बघणार कोण, असं त्याला वाटायचं. म्हणून तो ते गिळायचा आणि मागावर जाऊन बसायचा. त्याचा माग खड्ड्यातला होता. कमरेपर्यंत खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी खालच्या फळ्या दाबायच्या आणि हातानं धाग्याचा धोटा इकडून तिकडे टाकायचा. खट् खट् सुरू झालं की दुसरं काही ऐकू येत नसे.

गोजरा पडली, गुडघा फुटला, रडत आली, की तो म्हणायचा, "काही झालं नाही. ऊठ. शहाणी पोर रडत नाही."

कावळ्यानं हातातली भाकरी पळवली, तरी तेच. "काही झालं नाही. दुसरी घे."

कधी ती दारात उभी राहून म्हणायची, "आबा, आई..." तो मान वर न करता म्हणायचा, "काही नाही, काही नाही. जा, खेळ जा."

तो तिला मारत नसे. रागावतही नसे. नुसतं तोंड फिरवायचा. आणि ज्या दिवशी ती अजिबात रडली नाही, त्या दिवशी संध्याकाळी तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा.

लहान मुलं फार लवकर शिकतात. गोजराही शिकली. चौथं वर्ष सरता सरता तिचं रडणं थांबलं. पाचव्या वर्षी हट्ट थांबला. मग प्रश्नही थांबले.

घोंगडी घ्यायला आलेले लोक म्हणायचे, "काय गुणाची पोर आहे हो!" गावातल्या बायका आपल्या पोरांना सांगायच्या, "त्या गोजराकडं बघा जरा." सिद्रामला बरं वाटायचं. आई नसताना आपण पोरीला किती चांगलं वळण लावलं, असं त्याच्या मनात यायचं. लोकांबरोबर त्यांची मुलं आली की गोजरा लोकरीच्या ढिगामागं जाऊन उभी राहते आणि ती जाईपर्यंत बाहेर येत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती आता मोठ्यानं हसतही नाही, हे तर कुणालाच दिसलं नाही.

दर वर्षी पाऊस सरला की हौसाक्का नावाची धनगरीण मेंढरं घेऊन माळावर यायची. आठवडाभर तिचा तळ सिद्रामच्या घराशेजारी पडायचा. मेंढरं कातरायची, लोकर सिद्रामला द्यायची आणि पुढं जायचं, असा तिचा नेम. त्या वर्षी तिच्याबरोबर तिची मुलगी ठकूही होती. तीही सहाचीच.

एका दुपारी कळपातल्या एडक्यानं ठकूला ढुशी दिली. ठकू उताणी पडली आणि तिनं असा गळा काढला की बाभळीवरचे पक्षी उडाले. हौसाक्कानं हातातली कातर खाली ठेवली. आली, मातीतच बसली, पोरीला मांडीवर घेतलं.

"कुठं लागलं? दाखव बघू. एडक्यानं मारलं होय माझ्या ठकूला? लई दुखलं का गं?"

ठकू हुंदके देत सगळं सांगत राहिली. हौसाक्का ऐकत राहिली. थोड्या वेळानं ठकूनं नाक पुसलं आणि उठून पुन्हा एडक्याच्याच मागं पळाली.

गोजरा घराच्या भिंतीला टेकून हे बघत होती. ठकू जवळ आली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "तू रडलीस, तरी तुझी आई आली?"

ठकूला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "रडले म्हणून तर आली."

गोजरा म्हणाली, "मग तू शहाणी नाहीस?"

त्या दोघी खेळायला लागल्या, पण खेळ काही रंगला नाही. ठकूनं गोजराची चिंध्यांची बाहुली ओढून घेतली. आपल्यासारखीच तीही ओढेल, असं तिला वाटलं होतं. गोजरानं बाहुली सोडून दिली आणि ती मुकाट्यानं घरात निघून गेली.

ठकू आईकडं तक्रार घेऊन गेली. "आई, ती भांडतपण नाही. तिच्याशी खेळायचं कसं?"

हौसाक्कानं त्या संध्याकाळी सिद्रामला गाठलं. "सिद्रामा, पोर फार गप्प आहे रे."

"गुणाची आहे," सिद्राम म्हणाला. "दोन वर्षं झाली, एकदा रडली नाही."

"तेच ऐकून मला भ्या वाटतं," हौसाक्का म्हणाली. सिद्राम हसला. बाईमाणूस काहीतरीच बोलतं, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी तळ हलला. उरलेली लोकर परतताना देते, असं सांगून हौसाक्का मेंढरांमागं निघून गेली.

त्याच दिवशी दरबारातला माणूस घोड्यावरून आला. सिद्रामच्या हाताचं नाव राजाच्या कानावर गेलं होतं. राजमातेच्या बैठकीसाठी जावळाची एक मोठी घोंगडी हवी होती, तीही दसऱ्याच्या आत. असा मान त्या माळावर आजवर कुणाला मिळाला नव्हता. सिद्राम मागावर बसला तो जेवणापुरताच उठू लागला.

गोजरा एकटीच तळाच्या जागेवर गेली. तिथं आता काही नव्हतं. लेंड्या, विझलेल्या चुलीची राख आणि ठकूनं मांडलेले चार दगड. गोजरा त्या दगडांभोवती फिरली. फिरता फिरता बाभळीचा एक लांब काटा तिच्या टाचेत घुसला आणि आतच मोडला.

ती मटकन खाली बसली. कळ मस्तकात गेली. तिनं घराकडं पाहिलं. घरातून मागाचा आवाज येत होता. तिनं ओठ दाताखाली धरले आणि स्वतःलाच म्हणाली, "काही झालं नाही."

मग ती उठली आणि चवड्यावर चालत घरी आली.

तिसऱ्या दिवशी सिद्रामचं तिच्याकडं लक्ष गेलं. "लंगडतेस का गं?"

"नाही, आबा."

तो पुन्हा विणायला लागला. संध्याकाळी त्यानं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तिनं तो खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला.

पाचव्या दिवशी तिला ताप भरला. ती लोकरीच्या ढिगामागं जाऊन पडली. सिद्रामनं हाक मारली तर म्हणाली, "भूक नाही." खेळत असेल, असं समजून त्यानं भाकरी झाकून ठेवली. ढीग मागापासून चार हातांवर होता. एक अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवसाची दुपार अशी गेली. बाप घोंगडीची किनार जुळवत होता आणि त्याच खोलीत लेक तापानं फणफणत होती. तिच्या तोंडून आवाज म्हणून निघाला नाही.

दुपारी हौसाक्का परत आली. ठकू तिच्या आधीच घरात शिरली आणि गोजराला शोधू लागली. ढिगामागून तिचा आवाज आला. "आई! गोजरा लई गरम आहे. आणि तिचा पाय बघ कसा झालाय!"

पाय घोट्यापर्यंत सुजून काळानिळा पडला होता.

सिद्राम मागाच्या खड्ड्यातून कसा बाहेर आला, त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं गावाकडं धाव घेतली आणि वैद्याला जवळजवळ ओढतच आणलं. वैद्यानं चिमटा तापवला. हौसाक्कानं गोजराला मांडीवर घट्ट धरलं. टाच फोडली, पू निघाला, मग तुटका काटा निघाला. मोठा माणूस किंचाळला असता. गोजराचे डोळे मोठे झाले, अंग थरथरलं, पण तोंड मिटलेलंच राहिलं.

"ओरड गं बाई," हौसाक्का म्हणाली. तिच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "रड. कुणी काही म्हणत नाही."

गोजरानं बापाकडं पाहिलं. घाबरून म्हणाली, "काही झालं नाही, आबा. मी रडत नाहीये."

वैद्य जाताना म्हणाला, "जीव वाचेल. पाय मात्र पहिल्यासारखा होणार नाही. चार दिवस आधी बोलावलं असतं तर..."

सिद्राम अंगणात दगडावर जाऊन बसला. हौसाक्का त्याच्यामागून बाहेर आली.

"तिनं मला सांगायचं होतं ना," सिद्राम म्हणाला. "मी कुठं लांब होतो?"

"माझी मेंढी लंगडायला लागली की कळप सोडून माझ्याकडं येते," हौसाक्का म्हणाली. "तिला ठाऊक असतं, ही बाई खाली बसेल आणि माझा पाय हातात घेईल. तुझ्या पोरीला तेवढं ठाऊक नाही."

"मी तिला काय कमी केलं, अक्का?"

"भाकरी दिलीस, पांघरूण दिलंस. त्यात काही कमी नाही. तिच्या दुखण्याला तेवढी तुझ्या घरात जागा ठेवली नाहीस."

सिद्राम म्हणाला, "मला हे येत नाही. माझ्यासाठी कुणी असं बसलं नव्हतं. काय करायचं ते सांग."

"तिच्यापाशी बस. दुखतंय का विचार. ती नाही म्हणेल. उद्या पुन्हा विचार. आणि तुझ्या छातीत जे अडकलंय ना, ते तिच्यापासून लपवू नको. पोरांना घरातलं दुःख कळतं रे, कारण तेवढं कळत नाही. मग ती आपल्या मनानंच काहीतरी कारण लावून घेतात."

सिद्राम त्या दिवसापासून बरेच दिवस मागावर बसला नाही. तो गोजराच्या अंथरुणाशी बसू लागला. पट्टी बदलायची, पेज भरवायची आणि विचारायचं, "दुखतंय का?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आज दुखतंय का गं?"

"नाही, आबा."

सारखं जवळ बसलेल्या बापाची तिला सवय नव्हती. ती त्याच्याकडं चोरून बघायची. एकदा तिनं विचारलं, "आबा, तू मागावर का बसत नाहीस? मी झोपेत रडले का?"

दसऱ्याच्या दोन दिवस आधी दरबारातला माणूस आला. अर्धी घोंगडी मागावर तशीच ताणलेली होती. सिद्राम गोजराला पेज भरवत होता. त्यानं वाटी खाली ठेवली नाही.

"झाली नाही," तो म्हणाला.

"राजमातेचं काम आहे, कळतंय का? दुसऱ्याला देऊ?"

"द्या."

घोड्याच्या टापांचा आवाज लांब गेला. असा मान पुन्हा त्याच्या दारी आला नाही. गोजरा मात्र त्या दिवशी बापाकडं चोरून न बघता सरळ बघत राहिली.

काही दिवसांनी एका दुपारी वारा पडला होता. सिद्राम तिच्या वेण्या घालत होता. त्याला हौसाक्काचं बोलणं आठवलं. मनाचा हिय्या करून तो म्हणाला, "गोजरे, तुझी आई तुला चार पेडांची वेणी घालायची. मला ती जमत नाही. आज मला तिची फार आठवण येतेय."

एवढं बोलला आणि त्याचा आवाज फुटला. तीन वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. तो लेकीसमोर रडायला लागला.

गोजरा वळली. तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता. तिनं आपला हात त्याच्या तोंडावर दाबला.

"नको, आबा! रडू नको! रडलं की माणसं मरतात!"

"कुणी सांगितलं तुला?"

"आई झोपली होती," गोजरा म्हणाली. "तू म्हणालास, रडू नको, तिला झोपू दे. मी तरी रडले. मग आई उठलीच नाही."

तीन वर्षं. एकाच छपराखाली, चार हातांवर. आणि एवढंसं लेकरू एवढं ओझं घेऊन एकटंच वावरत होतं.

त्यानं तिला जवळ ओढलं. "नाही गं माझ्या बाळा. आईला ताप होता. तापानं गेली ती. तुझ्या रडण्यानं नाही. तू रडलीस तेव्हा तिनं डोळे उघडून तुझ्याकडं पाहिलं होतं. तुझा हात तिच्या हातात होता. तुझ्यामुळं काहीच झालं नाही."

गोजरा म्हणाली, "मग तू माझ्याशी बोलत का नव्हतास?"

"मला भीती वाटायची."

"मलापण," गोजरा म्हणाली.

त्या दिवशीही ती रडली नाही. इतक्या वर्षांचं कुलूप एका दुपारीत उघडत नाही. सिद्राम रोज विचारत राहिला. एका सकाळी, थंडी सुरू झाल्यावर, "दुखतंय का?" याला ती "थोडं" म्हणाली. तो एक शब्द ऐकून त्यानं देवापुढं दिवा लावला. पुढं महिन्याभरानं तिच्या हातून दुधाची वाटी सांडली. ती सांडलेल्या दुधाकडं बघत उभी राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. आवाज नव्हता. रडताना आवाज कसा काढतात, हेही ती विसरली होती. सिद्राम दुधातच तिच्याशेजारी खाली बसला आणि तिचं रडणं पुरतं होईपर्यंत तिथून हलला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस सरला आणि हौसाक्काचा तळ पुन्हा पडला. तिसऱ्याच दिवशी माळावरून एक जोराचा ओरडा ऐकू आला. गोजरा लंगडत, धूळ उडवत, गळा काढून रडत घराकडं येत होती. सिद्राम मागावर होता. त्यानं हातातला धागा टाकला, खड्ड्यातून बाहेर आला आणि दारातच मातीत बसला.

"ठकू मला कोकरू घेऊच देत नाही! सकाळपासून तिच्याकडंच आहे! मी मागितलं तर ढकलून दिलं!"

"ढकललं? कुठं लागलं?"

तिनं कोपर दाखवलं. त्यानं ते हातात घेऊन नीट पाहिलं, फुंकर घातली. "राग आला का?"

"लई!"

"येणारच. मी येऊ का तुझ्याबरोबर?"

गोजरानं नाक पुसलं. जरा विचार केला. "नको. मीच सांगते तिला. आधी ती, मग मी."

ती परत गेली. लांबून दोघींची कडाक्याची भांडणं ऐकू आली, मग शांतता, आणि मग दोघींचं हसणं. सिद्राम बराच वेळ दारातच बसून होता. कामाला लागायला त्याचं मन होईना.

गोजरा मोठी झाली. गावात तिचं घर झालं, माणसांचं मोहोळ तिच्याभोवती जमलं. कुणाच्या मनात काही सलत असलं की ते माणूस तिच्या ओट्यावर येऊन बसायचं. महिन्यातून एकदा ती माळावर बापाला भेटायला यायची. वारा तिच्या पावलांचा आवाज तिच्या आधीच आणायचा. एक पाऊल पूर्ण, एक अर्धं. पोर आली म्हणून म्हातारा आनंदानं उठायचा, आणि त्या अर्ध्या पावलाशी दर वेळी क्षणभर थांबायचा.

तात्पर्य: ज्या घरात लेकराचं रडणं ऐकायला कुणी थांबत नाही, त्या घरात लेकरू आपल्याच माणसांत एकटं पडतं.